चढाई घाटावरून, हवा कोकणातली : लिंगाण्यावरच्या एका मुक्कामाचं प्रकरण

एका ऑक्टोबरातल्या शनिवारी चौदा जण लिंगाण्याच्या गुहेत रात्रभर बसून राहिले. मुक्काम ठरलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या पायांनी मोहरी गावात परतले. मी त्या मोहिमेत नव्हतो. नंतर आयोजकांनी आढावा घ्यायला बोलावलं, तेव्हा चौदांपैकी अकरा जणांशी बोललो, गावातल्या वाटाड्याशी बोललो आणि सगळ्यांच्या फोनमधले फोटो वेळेप्रमाणे लावून पाहिले. माणसाची आठवण वेळेच्या बाबतीत फार लबाड असते, फोटोवरची वेळ तशी नसते. खाली जे मांडलं आहे ते बरंचसं त्या फोटोंवरून. वर्ष, संस्था आणि माणसं ओळखू येतील असे तपशील मुद्दाम गाळले आहेत.

पार्श्वभूमी

रायगडाच्या पूर्वेकडच्या कड्यावर उभं राहिलं की समोर शिवलिंगासारखा एकटा सुळका दिसतो, तो लिंगाणा. समुद्रसपाटीपासून २,९६९ फूट, म्हणजे साधारण ९०५ मीटर. साधारण मध्यावर कातळात खोदलेली गुहा आणि पाण्याची टाकी आहेत. शिवकाळात इथे कैदी ठेवत. वर नेऊन शिड्या-दोर काढले की वेगळा पहारा कशाला हवा! लिंगाण्याचा तालुका महाड, जिल्हा रायगड. म्हणजे कागदावर आणि हवेनंही तो पुरता कोकणातला.

चढायला मात्र बहुतेक लोक जातात ते पुण्याकडून. वेल्ह्याहून पुढे मोहरी गाव, तिथे मुक्काम, पहाटे अंधारात बोराट्याच्या नाळेने (कड्यातल्या अरुंद, दगडांनी भरलेल्या घळीने) उतरायचं आणि आडवं जात रायलिंगाचं पठार व लिंगाणा यांच्यामधल्या खिंडीत पोचायचं. खिंडीतून दोर लावून वर. त्यामुळे गाडी पुण्याची, नाश्ता पुण्याचा आणि हवामानाचा अंदाजही पुण्याचाच पाहिला जातो. या प्रकरणाची मुळी तिथेच आहे.

अरबी समुद्र इथून हवाई अंतराने जेमतेम ५० किलोमीटर. दुपारी कोकणपट्टी तापली की समुद्रावरून खारे वारे आत येतात, दमट हवा सह्याद्रीच्या भिंतीशी साचते आणि वर चढू लागते. लिंगाणा त्या भिंतीच्याही पुढे, पश्चिमेला सरकून उभा आहे. वर चढणाऱ्या या हवेला मुख्य कड्याआधी हाच आडवा येतो. पावसाळ्यात याच भिंतीमुळे महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पलीकडे पुण्याला सातशेच्या आसपास. हा फरक आपल्याला शाळेपासून पाठ असतो. पण तो फक्त जून ते सप्टेंबरचा, अशी आपली उगाच समजूत असते.

ऑक्टोबरातला एक हिशोब इथेच मांडतो, कारण पुढे तो लागणार आहे. हवेचं तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं तो) यांत जितक्या अंशांचा फरक, त्याला १२५ ने गुणलं की जमिनीपासून ढगांचा तळ साधारण किती मीटरवर असेल ते कळतं. पुण्यात दुपारी ३१ अंश आणि दवबिंदू १८ असेल तर फरक १३, ढग सोळाशे मीटर वर. निवांत. त्याच वेळी महाडला ३२ अंश आणि दवबिंदू २५ असेल तर फरक फक्त ७, म्हणजे ढगांचा तळ ८७५ मीटरवर. महाड जवळजवळ समुद्रसपाटीला आहे. तेव्हा ढग नेमका लिंगाण्याच्या डोक्यावर टेकतो. फरक आणखी एका अंशाने कमी झाला की तो सव्वाशे मीटर खाली येतो आणि गुहेच्या आसपास लोंबू लागतो.

ठरलं काय होतं

दहा सहभागी, चार तांत्रिक माणसं. सहभागींपैकी सहा जणांनी आधी सुळका चढला होता, चार जण पहिल्यांदाच आले होते. खिंडीत राहायला मोहरीचे एक वाटाडे, वय पन्नाशीच्या पुढे. सगळे त्यांना मामा म्हणत. खिंडीतून गुहेपर्यंत चार दोर, गुहेपासून माथ्यापर्यंत आणखी तीन, सगळे कातळात ठोकलेल्या बोल्टवर बांधून ठेवायचे. माथ्यावरून परत फिरायची वेळ १२:३०. तीन वाजेपर्यंत सगळे खिंडीत.

मोसमी पाऊस हवामान खात्याच्या हल्लीच्या सरासरीप्रमाणे मुंबईतून ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघार घेतो. तो गेल्याची बातमी येऊन आठवडा झाला होता. ‘मान्सून गेला’ हे वाक्य ट्रेकिंगच्या दुनियेत दुकानाचं शटर वर केल्यासारखं वापरतात. मोहिमेच्या ग्रुपवर शुक्रवारी संध्याकाळी पुण्याचा अंदाज टाकला होता : ‘अंशतः ढगाळ, दुपारनंतर हलक्या सरींची शक्यता.’ खाली अंगठे आणि हसरे चेहरे.

रायगड जिल्ह्याचा अंदाज कुणी उघडला नाही. तो वेगळा असतो. हवामान खातं कोकण-गोवा आणि मध्य महाराष्ट्र असे दोन वेगळे उपविभाग धरतं आणि त्यांची सीमा याच कड्यावरून जाते.

अडचण कशी वाढत गेली

मोहरीतून अडीचला निघाले. नाळेतले दगड दवाने आणि झिरपणाऱ्या पाण्याने निसरडे होते. खिंडीत पावणेपाचला पोचायचं ते पाच पन्नासला पोचले. तासभर तिथेच गेला. सह्याद्रीचा कातळ लाव्हाच्या थरांचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल, ठिसूळ माती असते. पावसाळ्यात मुरलेलं पाणी अशा सांध्यांमधून दिवाळीपर्यंत पाझरत राहतं. त्यामुळे ऑक्टोबरात वरचा कातळ उन्हाने कोरडा ठणठणीत आणि हाताखालची नेमकी खाच ओली, असं सर्रास होतं. लीडला, म्हणजे सगळ्यांआधी दोर लावत वर गेलेल्या मुलाला अशाच दोन जागांनी वेळ लावला.

शेवटचा सहभागी गुहेत पोचला १०:४० ला. पहिली सहा जणांची तुकडी माथ्यावर पोचली ११:४० ला.

पण त्याआधी, ११:२२ ला, एका सहभागीने पश्चिमेकडे फोटो काढला होता. खाली काळ नदीचं खोरं, पलीकडे धूसर रायगड आणि लिंगाण्याच्या पायथ्याच्या रानावर कापसाच्या पिंजलेल्या फायांसारखे तीन-चार ढग, आपल्यापेक्षा खाली. फोटो खरोखर सुरेख आहे. पुढचा फोटो ११:३१ चा. त्यात फायांचा पट्टा झालेला आणि तो वर सरकलेला.

याच सुमारास मामांचा आवाज वॉकीवर आला : ‘दादा, खालनं वाफ निघाया लागली. दुपार काय खरी नाही.’

मोहीमप्रमुख तेव्हा माथ्याखालच्या शेवटच्या अँकरवर (दोर बांधायच्या जागी) होता. त्याने उत्तर दिलं, ‘हो मामा, बघतोय.’ आणि वर पाहिलं. वर निळं आकाश होतं.

पहिला निर्णय : दुसरी तुकडी वर सोडायची का?

पावणेबारा वाजले होते. गुहेत चार सहभागी वाट पाहत होते. त्यातले तिघे पहिल्यांदाच आलेले. परत फिरायची वेळ १२:३०, म्हणजे हातात पाऊण तास. प्रमुखाने त्यांना वर घेतलं.

त्याची बाजू मला समजते. लोकांनी महिनाभर सराव केलेला, पैसे भरलेले, माथा हाताच्या अंतरावर. शिवाय ठरलेली वेळ उलटलेली नव्हती. नेमकं हेच घात करतं. वेळ घड्याळावर ठरवली होती आणि घड्याळ तर अजून ठीक म्हणत होतं. पण ती वेळ ठरवताना खिंडीत पावणेपाचला पोचू असं धरलेलं होतं आणि दुपार कोरडी जाईल असंही. तोवर दोन्ही गृहीतकं मोडली होती. १२:३० हा आकडा मात्र तसाच राहिला.

दुसरी तुकडी माथ्यावर पोचली १२:३५ ला. झेंडा, फोटो, गारद. उतरायला सुरुवात १२:४५.

एक वाजून पाच मिनिटांनी ढगाने माथा गिळला. पाच मिनिटांनी पहिला गडगडाट आला, तोही पूर्वेकडून, पाठीमागून. यात आश्चर्य वाटायचं कारण नाही. परतीच्या पावसाच्या दिवसांत वरच्या थरातले वारे बहुतेक पूर्वेचे असतात. दमट हवा खालून कोकणातून येते, ढग घाटमाथ्यावर उभे राहतात आणि वरचा वारा त्यांना पुन्हा कोकणाकडे ढकलतो. लिंगाणा या दोन्हींच्या मध्ये सापडतो. पश्चिमेकडे डोळे लावून बसलेल्यालाही वीज पाठीमागून गाठते.

वीज आणि आवाज यांत २५ सेकंदांचं अंतर, असं प्रमुखाने मोजलं. आवाज एका किलोमीटरला साधारण तीन सेकंद घेतो, म्हणजे वीज आठेक किलोमीटरवर. हे अंतर ३० सेकंदांच्या आत आलं की उघड्यावर थांबू नये, हा साधा नियम. त्या वेळी उघड्यावर सहा जण होते, चार सहभागी आणि दोन तांत्रिक.

१:२५ ला पाऊस सुरू झाला. शेवटचा माणूस गुहेत आला २:०५ ला. एकाचा डिसेंडरवरचा (दोरावरून उतरायच्या साधनावरचा) हात ओल्या दोरावरून घसरला, आधी उतरलेल्याने खालून दोर ताणून धरला म्हणून तो थांबला. तळहाताची साल निघाली. संपूर्ण प्रकरणात सगळ्यांत धोक्याची ती चाळीस मिनिटं. बातम्यांमध्ये रात्र आली, ही चाळीस मिनिटं कुठेच आली नाहीत.

दुसरा निर्णय : गुहेत थांबायचं की उतरत राहायचं?

दोन वाजून पाच मिनिटं. चौदा जण गुहेत, बाहेर पाऊस आणि वीज. पर्याय चार होते.

लगेच उतरणं. गुहेतून खिंडीपर्यंत चार दोर. सगळ्यांत संथ टप्प्याला माणशी अकरा मिनिटं लागतात हे सकाळच्या अनुभवावरून माहीत होतं. चौदा गुणिले अकरा म्हणजे १५४ मिनिटं, वर शेवटच्या माणसाला उरलेले टप्पे उतरायला चाळीसेक मिनिटं. सव्वातीन तास, तेही कोरड्यात आणि काहीही न अडकता. ओला दोर जड होतो, डिसेंडरमधून अडखळत सरकतो, त्याची झटका सोसायची ताकदही घटते. घसाऱ्यावरचे दगड पावसाने सुटे होतात. आणि खिंडीत पोचून काय? पुढे बोराट्याची नाळ, जी पावसात नाळ राहत नाही, ओढा होते.

दुसरा पर्याय : ज्यांना येतं त्या सहा जणांना आधी उतरवायचं, बाकीचे गुहेत. ऐकायला बरं वाटतं. पण मग तांत्रिक माणसंही दोन ठिकाणी वाटली जातात आणि दोन्हीकडे अपुरी पडतात.

तिसरा : बचाव पथकाला बोलावणं. कुणी जखमी नसताना विजेच्या पावसात दुसऱ्या दहा जणांना नाळेत उतरवायचं? प्रमुखाने तो लगेच बाजूला ठेवला आणि ते बरोबरच केलं.

चौथा पर्याय थांबण्याचा. गुहा मोठी, टाक्यात पाणी. खायला चिक्की, खजूर आणि पहाटे बांधून आणलेल्या भाकऱ्या. फॉइलची पातळ पांघरुणं सहा, प्लास्टिकचे मोठे तुकडे दोन. चौदांपैकी आठ जण सुती टी-शर्टमध्ये.

थांबायचं ठरलं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास शांत गेला तरच पुन्हा विचार.

इथे एक बारकी गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती पुस्तकात क्वचित सापडते. गुहेच्या तोंडाशी उतार आहे, म्हणून सवयीने प्रत्येकाने बाहेरून आत आलेल्या दोराला स्वतःला अडकवलं होतं. तो दोर वरच्या बोल्टपासून भिजत आलेला होता. ओला दोर वीज वाहून आणू शकतो. प्रमुखाच्या हे लक्षात आलं आणि त्याने सगळ्यांना दोरापासून सोडवून आत घेतलं, भिंतीला न टेकता, सॅक आणि दोराच्या पिशव्यांवर, पाय जवळ घेऊन बसवलं. लोखंड-ॲल्युमिनियम सगळं एका कोपऱ्यात. तोंडापाशी कुणी बसायचं नाही, कारण कड्यावर पडलेली वीज पृष्ठभागावरून धावते आणि उथळ कपारीच्या तोंडावर वरून खाली उडी मारते. लघवीला जायचं तर वेगळ्या, कोरड्या स्लिंगला (पट्ट्याला) अडकून, एकेकाने. पडण्याची भीती आणि विजेची भीती, यांतली कुठली आत्ता मोठी आहे हे त्याने दोन मिनिटांत ठरवलं. सकाळी साडेअकराला चुकलेला माणूस तो हाच.

तिसरा निर्णय : सव्वाचारचं ऊन

शेवटचा गडगडाट ३:३५ ला. पाऊस थांबला ३:५० ला. चार वाजून गेल्यावर ढग फाटले आणि लिंगाण्यावर पिवळंधमक ऊन पडलं. कातळ वाफाळू लागला.

गुहेत वाद झाला तो आता. तिघांचं म्हणणं, चला. एकाचा रविवारी सकाळी लग्नसोहळा होता, घरचा. एका बाईंची मुलगी शेजाऱ्यांकडे होती. प्रमुख सगळ्यांत लहान नव्हता, पण दोन सहभागी त्याच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. त्यांना ‘काका, नाही जमणार’ म्हणणं आपल्याकडे सोपं नसतं. त्याने गणित मोठ्याने केलं : ‘आत्ता सव्वाचार. सव्वातीन तास. साडेसात. सूर्यास्त सहा-दहाला. हेडटॉर्च बारा, त्यातल्या दोन बंद. शेवटचे पाच-सहा जण पूर्ण अंधारात उतरणार आणि मग नाळ.’ मग गप्प राहिला. काकांनीच शेवटी सॅक पुन्हा खाली ठेवली.

या निर्णयावर नंतर माझ्या ओळखीच्या दोन जुन्या क्लाइंबरांनी टीका केली. त्यांच्या मते निदान खिंडीपर्यंत उतरायला हवं होतं. खिंडीत रात्र काढली असती तर सकाळी फक्त नाळ उरली असती. मला ते पटत नाही. खिंड म्हणजे वाऱ्याचं नरडं, तिथे ना छप्पर ना पाणी. पण त्यांच्या बोलण्यात एक मुद्दा खरा आहे : माणसं सहाच असती तर सव्वाचारला निघून उजेडात खाली पोचता आलं असतं. चौदा जण होते म्हणूनच ते अशक्य झालं.

रात्र

मामा विजेच्या वेळी रायलिंगाच्या कड्याखाली कपारीत बसून होते. पाऊस थांबल्यावर ते नाळेने वर गेले. पठाराच्या टोकावर आले की वॉकी लागत होता. प्रमुखाने ४:४० ला निरोप दिला : ‘आम्ही अडकलोय, उद्या उतरू, घरी कळवा.’ मामांनी तो गाडीच्या ड्रायव्हरला सांगितला, ड्रायव्हरने ग्रुपवर टाकला. आठ वाजेपर्यंत ‘लिंगाण्यावर १४ ट्रेकर अडकले’ असं तीन तालुक्यांत फिरत होतं. बचावाचं काम करणारी मुलं दोर-स्ट्रेचर काढून बसली, एका सहभागीच्या वडिलांना दवाखान्यात न्यावं लागलं. ‘अडकलोय’ ऐवजी ‘थांबलोय’ म्हटलं असतं तर? एका शब्दाचा फरक. साडेदहाला दुसरा निरोप गेला : चौदाही जण गुहेत, जखमी कुणी नाही, पाणी आहे, मदत नको, सकाळी सातला पुन्हा बोलू. त्यानंतर फोन थांबले.

गुहेत मात्र त्या वेळी वेगळंच चाललं होतं. संध्याकाळी पुन्हा ढग आत शिरला. तापमान फार नव्हतं, एकाच्या घड्याळात १८ अंश. पण गुहेच्या तोंडातून वारा येत होता आणि कपडे ओले. चाळिशीतला एक सहभागी, माथ्यावरून उतरताना शेवटी राहिलेला, साडेसातपासून कुडकुडत होता. नऊच्या सुमारास त्याचं कुडकुडणं थांबलं. शेजारच्याला बरं वाटलं. त्याने विचारलं तर उत्तर आलं, ‘नाही, आता थंडी नाही वाजत,’ पण जीभ जड, शब्द चिकटलेले. चिक्कीचा कागद त्याला सोडता येईना. दोनदा प्रयत्न करून त्याने ती कागदासकट मांडीवर ठेवून दिली.

तांत्रिक चमूतल्या एका मुलीने ते पाहिलं. कुडकुडणं थांबलं आणि बोट-जीभ ऐकेनाशी झाली, म्हणजे शरीराने ऊब तयार करणं सोडून दिलं. तिने त्याचा टी-शर्ट काढायला लावला, दुसऱ्याचं कोरडं जॅकेट घातलं, डोक्याला मफलर, खाली दोराची पिशवी, वरून फॉइल आणि त्यावर प्लास्टिक. दोन जणांना त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटून बसवलं. हातपाय चोळायला एक जण पुढे आला, त्याला तिने अडवलं. गार पडलेल्या हातापायांतलं रक्त घाईने छातीकडे आणू नये. मग गुळाचं पाणी, घोट घोट, तो नीट गिळतोय हे पाहून. सव्वादहाला तो पुन्हा थडथडू लागला. गुहेत कुणीतरी टाळी वाजवली. एरवी थडथडणाऱ्या माणसाकडे बघून कोण टाळी वाजवतं!

थंडीने माणूस असा जातो तो हिमालयात, अशी आपली समजूत. ओला सुती कपडा आणि वारा मिळाला तर १८ अंशही पुरतात.

निष्पत्ती

सकाळी साडेसहाला खाली कोकणावर ढगांचा समुद्र, वर लिंगाणा आणि समोर रायगड. कातळ सुकेपर्यंत, साडेआठपर्यंत, थांबले. आधी दोन तांत्रिक माणसं दोर तपासत उतरली. दुसऱ्या दोराची बाहेरची वीण एका धारेवर वीतभर फाटलेली निघाली, आतली पांढरी दोरी दिसत होती. रात्री दगड पडला की वाऱ्याने घासली, सांगता येत नाही. तो भाग बटरफ्लाय गाठीत वेगळा काढून पुढे गेले. १२:४० ला सगळे खिंडीत, साडेतीनला मोहरीत.

तळहाताची जखम आठवड्याभरात भरली. दोघांनी पैसे परत मागितले, मिळाले. लग्न चुकलेल्या गृहस्थांनी पुढच्या जानेवारीत पुन्हा नाव नोंदवलं.

वेगळं काय करता आलं असतं

आढाव्याच्या बैठकीत बराच वेळ गेला तो रात्रीच्या चर्चेत : पांघरुणं, टॉर्च, खाणं. हे सगळं हवंच. आता प्रत्येकाकडे कोरडा बिनसुती थर आणि मोठी कचऱ्याची पिशवी सक्तीची आहे. पण माझ्या मते रात्र हा परिणाम होता. मूळ दुखणं दोन जागी आहे.

पहिली जागा म्हणजे माणसांची संख्या. चौदा जण म्हणजे सव्वातीन तासांची उतराई, आणि ऑक्टोबरात ढग पायथ्याशी दिसल्यापासून वीज येईपर्यंत इथे पावणेदोन तास मिळाले. म्हणजे चांगला अंदाज, चांगला लीडर, सगळं असतं तरी ११:२२ ला निघून शेवटचे लोक विजेतच सापडले असते, फक्त गुहेच्या खाली. आता पावसाळा संपल्यापासून डिसेंबर उजाडेपर्यंत आयोजक सातपेक्षा जास्त माणसं नेत नाहीत. यावर वाद झाला, कारण सातात खर्च निघत नाही. तो वाद अजून मिटलेला नाही.

दुसरी, परत फिरायची वेळ. आता घड्याळाबरोबर एक खूण धरली आहे : माथ्यापेक्षा खाली, पश्चिमेला पहिला ढग दिसला की जो जिथे असेल तिथून खाली. वर आकाश कसं आहे याला महत्त्व नाही. आणि ती खूण बघायचं काम वर चढणाऱ्या माणसाकडे ठेवलेलं नाही, कारण त्याला माथा दिसत असतो. ते खिंडीतल्या माणसाचं काम. मामांनी ‘फिरा’ म्हटलं की फिरायचं, चर्चा खाली आल्यावर. त्या दिवशी मामांनी सांगितलं होतं, पण त्यांच्या सांगण्याला सल्ल्याची किंमत होती, हुकमाची नव्हती. मी त्यांना विचारलं, की तुम्ही जोर देऊन का नाही सांगितलं? ते म्हणाले, ‘मी दोर लावत नाही ना, साहेब.’

अंदाजही आता रायगड जिल्ह्याचा बघतात. महाडचं तापमान, महाडचा दवबिंदू, वजाबाकी, गुणिले १२५. फरक आठच्या आत दिसला तर अकरालाच परत. प्रमुख याच्यावर आणखी एक करतो. लिंगाण्याच्या कोकणाकडच्या पायथ्याला पाने गाव आहे, तिथल्या एका घरी तो शुक्रवारी संध्याकाळी फोन लावतो आणि विचारतो, ‘काकू, सकाळी वाळत घातलेले कपडे दुपारपर्यंत वाळले का?’ गेल्या महिन्यात काकू म्हणाल्या, अजून दमट आहेत. गाडी निघाली नाही.